फॉरमॅट करण्याआधी

घरातले एखादे मूल डिप्लोमाला किंवा कॉम्प्युटर सायन्सला गेले की घरच्या संगणकावर उबंटू येते आणि त्याच्याबरोबर टर्मिनलची ती काळी खिडकी. तिथे माउस चालवायचा नसतो, आज्ञा टाइप करायची असते. मूल कुठेतरी वाचलेली एखादी ओळ सेटिंगमध्ये घालते आणि पुढच्या वेळी जवळपास प्रत्येक आज्ञेला एकच उत्तर मिळते : कमांड नॉट फाउंड. मग अब्बा संगणक उचलून दुकानात नेतात. "फॉरमॅट मारावा लागेल," असे सांगितले जाते. त्या फॉरमॅटमध्ये आपाच्या निकाहचे फोटोही जातात आणि वर्षभराचा प्रोजेक्टही.

पालकांनो, अशा वेळी बहुधा संगणक बिघडलेला नसतो. बिघडलेली असते एक छोटी फाइल.

टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा ऐकणारा प्रोग्राम म्हणजे बॅश. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९८९ साली आला. टर्मिनल उघडले की बॅश आपल्या होम फोल्डरमधली 'बॅशआरसी' ही फाइल वाचतो. कोणती आज्ञा कोणत्या फोल्डरमध्ये शोधायची, त्या पत्त्यांच्या यादीला 'पाथ' म्हणतात. नवा पत्ता जोडताना जुनी यादीच पुसली गेली, तर आज्ञा जागेवर असूनही सापडत नाहीत.

या फाइलची कोरी प्रत उबंटू स्वतःच जपून ठेवते. मुख्य फोल्डरमध्ये 'एटसी' आणि त्यात 'स्केल', म्हणजे सांगाडा, नावाचा फोल्डर असतो. नवे खाते उघडले की त्याला याच सांगाड्यातून फाइली मिळतात. आपणही तेच करायचे.

होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबा. लपलेल्या फाइली दिसतील. त्यांच्या नावाआधी टिंब असते. बॅशआरसी पुसू नका, तिचे नाव बदलून 'जुनी' करा. मग स्केलमधली बॅशआरसी कॉपी करून होममध्ये पेस्ट करा. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. बदल 'प्रोफाइल' या फाइलमध्ये केला असेल, तर तिलाही हाच उपाय. फक्त नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. फोटो, प्रोजेक्ट यांना धक्काही लागत नाही.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'कलर' आज्ञेने रंग बदलून अक्षरे दिसेनाशी झाली असतील, तर नुसते 'कलर' टाइप करून एंटर दाबा. खिडकी उघडताना जे रंग होते, ते परत येतात.

संगणक सुरूच होत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जाणकाराला दाखवावेच. पण दुकानदाराला आधी विचारा, "आमच्या फाइलींची प्रत काढली का?"

आणि मुलांवर रागावू नका. रागावलेल्या घरात मूल चूक लपवते, आणि लपवलेली चूक वाढत जाते. त्याला शेजारी बसवा, दुरुस्ती त्याच्याच हातून करून घ्या. काय बदलले होते, हे 'जुनी' फाइल उघडून त्यालाच शोधू द्या. बिघडवलेले पूर्ववत करता आले की शिकण्याची भीती राहत नाही.