कर्णाश्माची साक्ष

माशास कान नसतात, असें पुष्कळांस वाटतें. ते बाहेरून दिसत नाहींत, एवढेंच. अंतःकर्ण त्यास आहे, आणि बहुतेक अस्थियुक्त माशांच्या अंतःकर्णांत बारीक खड्यांच्या तीन जोड्या असतात. यांस आपण कर्णाश्म म्हणूं. ऐकणें व तोल राखणें हीं कामें मासा यांच्या साह्यानें करितो.

कर्णाश्म मुख्यतः शिंपल्याच्याच द्रव्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, असतो. मासा वाढतो तसतसे त्यावर थर चढतात. कित्येक जातींत लहान वयांत रोज एक थर चढतो, हें पानेला यांनीं १९७१ सालीं दाखविलें. हाड झिजतें व पुनः भरतें. कर्णाश्मावर बसलेला थर मात्र सामान्यतः जशाचा तसा राहतो. या थरांत कॅल्शियमच्या जागीं त्याचाच सगोत्र असा स्ट्रॉन्शियम धातु किंचित् शिरतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत तो सुमारें ८ मिलिग्रॅम असतो. नद्यांच्या पाण्यांत बहुधा त्याहून पुष्कळ कमी. म्हणून कोणत्या वयांत मासा कोणत्या पाण्यांत होता, हें थरांवरून अनुमानितां येतें.

खडा राळेंत बसवून मध्यापर्यंत घांसतात व गुळगुळीत करितात. मग केंद्रापासून कडेपर्यंत जागोजागीं सूक्ष्म इलेक्ट्रॉन-शलाका सोडतात. तिच्या आघातानें प्रत्येक मूलद्रव्य आपापले विशिष्ट क्ष-किरण सोडतें. त्यांवरून दोन्ही धातूंचें प्रमाण ठरतें. केंद्र म्हणजे जन्म, कड म्हणजे मृत्यु.

जपानी ईल हा सर्पाकृति मासा मारियाना बेटांच्या पश्चिमेस समुद्रांत जन्मतो, नदींत शिरून वाढतो, आणि प्रजोत्पादनार्थ पुनः समुद्रांत जातो, असें पाठ्यपुस्तकें शिकवीत आलीं. १९९८ सालीं त्सुकामोतो व त्यांचे सहकारी यांनीं पूर्व चीन समुद्रांत धरलेल्या ईलांचे कर्णाश्म तपासले. कित्येकांत गोड्या पाण्याची खूणच नव्हती! ते जन्मभर नदींत गेलेच नव्हते. उत्तर समुद्रांतील युरोपीय ईलांनींही तीच साक्ष दिली.

हा केवळ पुस्तकांतील वाक्य सुधारण्याचा प्रश्न नव्हे. जपानी ईल २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाच्या यादींत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. पुढील पिढीचे आईबाप नदींतूनच येत असते, तर नदीचे बंधारे मोकळे करून भागलें असतें. परंतु खाडींत व किनाऱ्यावर वाढलेलेही त्यांत असतील, तर त्या जागांचेंही रक्षण केलें पाहिजे.

साक्षीदार खरा असला तरी उलटतपासणी हवीच. उष्णमान व वाढीचा वेग यांनींही हें प्रमाण थोडेंबहुत बदलतें. शिवाय ही वही उघडावयाची तर माशाचा प्राण जातो. म्हणून वाचकहो, जें वाचावयास जीव खर्ची पडला, तें वाचून कपाटांत ठेवणें हें विद्येस शोभणारें नव्हे. जाणलेलें आचरणांत यावें, एवढें ऋण तरी आपल्यावर राहतेंच.