सणापलीकडचे दातृत्व
चतुर्थी, दिवाळी, नाताळ जवळ आले की गोव्यातील बालगृहांकडे मिठाई आणि कपड्यांची मदत पोहोचते. प्रतिपालक कुटुंबांत वाढणारी मुले मात्र दात्यांच्या नजरेआड राहतात. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. त्यातून गरजा भागतील. सायकल, फुटबॉलचे बूट, शाळेची सहल यांसाठी समाजानेच पुढे यायला हवे.

ही मदत गाजावाजा न करता व्हावी. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करते. सहलीचे शुल्क कोणी भरले हे वर्गमित्रांना कळले नाही, तरच त्या मुलाला इतरांसारखे निर्धास्त बागडता येईल.