‘जपून रे’ म्हणजे सुरक्षा नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंटिरियरच्या कामांची नवी नियमावली आली. दुपारी २ ते ४ ड्रिलिंग बंद. लिफ्टमधून प्लाय न्यायचं नाही. डेब्रिज गोण्यांत भरूनच खाली आणायचं. डिपॉझिट आधी भरायचं. लिफ्टच्या आरशाला ओरखडा आला तर दंड. खाली तीस-चाळीस अंगठे वर.

मी दोनदा वाचली. भिंत आहे, लिफ्ट आहे, आरसा आहे, आपली दुपारची झोप आहे. काम करणाऱ्या माणसाच्या बोटांबद्दल एक ओळ नाही.

म्हणून आज लिहितोय. लांब आहे, पण वाचा. आणि आधी स्वतःचं सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय असं कोणाला वाटायला नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी किचनचं काम चाललं होतं. वास्तुशांतीची तारीख धरलेली, पत्रिका वाटून झालेल्या. काम आठ दिवस मागे. मी रोज सकाळी मिस्त्रीला तेच विचारायचो, "होणार ना हो वेळेत?" मिस्त्री बिचारा "होतंय साहेब" म्हणायचा आणि पोराला हाक मारायचा, "हात चालव रे."

पोरगा असेल बावीसचा. हॉलमध्ये फरशीवर उकिडवा बसून प्लाय कापत होता. एक पाय प्लायवर दाबलेला, डाव्या हाताने फळी धरलेली, उजव्या हातात चार इंची कटर. हो, तोच. फरशी आणि मार्बल कापायचा कटर, त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लावलेलं. वरचं झाकणही काढून पिशवीत टाकलेलं. विचारलं तर म्हणाला, "काका, झाकण असलं की लाइन दिसत नाही."

आता लाज वाटायची गोष्ट सांगतो. मी अठ्ठावीस वर्षं सातपूरला मशीन शॉपमध्ये काढली. आमच्या कंपनीत प्रेसचा गार्ड काढून कोणी मशीन चालवलं असतं तर पहिला बाहेर मीच काढला असता. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम २१ आम्हाला पाठ होतं: धोकादायक फिरत्या भागाला कुंपण पाहिजे म्हणजे पाहिजेच. सैल कपड्यांत चालू मशीनजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. आणि तोच मी, स्वतःच्या हॉलमध्ये, उघडं ब्लेड डोळ्यांनी बघितलं आणि काय म्हटलं?

"जपून रे."

आणि चहा प्यायला आत गेलो.

पाच-दहा मिनिटांत ओरडण्याचा आवाज आला. डाव्या हाताची तर्जनी तुटून पडली होती, मधलं बोट लोंबत होतं. मी धावत जाऊन फ्रीजमधला बर्फ भांड्यात ओतला आणि तुटलेलं बोट त्यात ठेवलं. मोठं शहाणपण केलं असं मला वाटलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी भांडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "थेट बर्फात कोणी ठेवलं?" तर्जनी जोडता आली नाही. मधलं बोट राहिलं, पण वाकत नाही. बर्फामुळेच गेलं का, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

नंतर ठेकेदार म्हणाला, तो माझा माणूस नाही, मिस्त्रीचा आहे. मिस्त्री म्हणाला, पोराने झाकण काढलं, मी काय करू. नातेवाईक म्हणाले, ही पोरं हलगर्जीच असतात. मी हॉस्पिटलचं बिल भरलं आणि स्वतःला चांगला माणूस समजून वास्तुशांती केली.

"हलगर्जी" हा शब्द मला आता सहन होत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या सोयीचा आहे, म्हणून आपण वापरतो. जरा हिशेब करून बघा.

हा छोटा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतो. सेकंदाला दोनशेच्या वर. ब्लेडला ३० दात धरले तर एका सेकंदात सहा हजारांहून जास्त दात एका जागेवरून जातात. कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. काही चुकतंय हे कळून माणसाचा हात हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात हजारावर दात फिरून गेलेले असतात. सांगा, यात "जपून" कुठे बसवायचं?

आणि मशीन उडतं का? कामगार बेसावध असतो म्हणून? नाही. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट तीस किलोच्या आसपास असते. दोन टोकांना विटा ठेवून मध्ये कापायला घेतली की कापता कापता ती मधून खाली झुकते. झुकली की कापलेली फट मिटते. मिटलेल्या फटीत ब्लेड आवळलं जातं आणि पूर्ण जोरात असलेलं मशीन उसळून मागे येतं, चालवणाऱ्याच्या अंगावर. तिथे त्याचा गुडघा असतो, मांडी असते, फळी धरलेला हात असतो. उत्तम कारागीर असला तरी लाकूड झुकायचं राहत नाही.

लाकडासाठी वेगळं मशीन असतं. सर्क्युलर सॉ, सात इंची. त्याच्या ब्लेडखाली स्प्रिंगचा गार्ड असतो. मशीन पुढे ढकललं की तो आपोआप मागे सरकतो, लाकडातून बाहेर आलं की खटकन बंद होतो. मशीन उसळलं तरी बंद होतो, खाली ठेवलं तरी ब्लेड झाकलेलं. त्याला दोन मुठी असतात, म्हणजे दोन्ही हात मशीनवर. ब्लेडच्या वाटेत हात जायला हातच मोकळा उरत नाही. बऱ्याच मॉडेलना आधी एक बटन दाबल्याशिवाय ट्रिगर ओढता येत नाही.

मार्बल कटरचं बरोबर उलटं. तो एका हातात मावतो, म्हणून दुसरा हात फळी धरायला ब्लेडजवळ जातो. खालचा सरकता गार्ड त्याला नसतोच, कारण ते मशीन फरशीसाठी बनवलेलं आहे. वर बऱ्याच कटरना लॉकचं बटन असतं, म्हणजे हात सुटला तरी मशीन चालूच. याहून वाईट म्हणजे ग्राइंडरला दातेरी ब्लेड लावणं. तसं कुठे दिसलं तर एक मिनिटही थांबू नका, प्लग काढा. भांडण झालं तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, मग मिस्त्री लोक चांगलं मशीन का घेत नाहीत? कटर दोन-तीन हजारांत येतो, हलका असतो, पिशवीत मावतो, फरशीही कापतो आणि प्लायही. चांगला सर्क्युलर सॉ त्याच्या दुप्पट-तिप्पट. आपण रेट ठरवताना काय करतो? तीन कोटेशन घेतो, सर्वात खालचं धरतो आणि त्यातही "राउंड फिगर करा" म्हणतो. ठेकेदार वरून दाबतो, मिस्त्री पोराला दाबतो. स्क्वेअर फुटाच्या भावात गार्डचा भाव कुठेच नसतो. म्हणजे पोराने झाकण काढलं ते दुपारी, पण त्याची बोटं कोटेशनवर सही झाली तेव्हाच पणाला लागली होती. सही माझी होती.

एक गोष्ट मला रोज टोचते. आमच्या किचनला सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर आहेत. हळूच बंद होतात, नातवाची बोटं सापडू नयेत म्हणून. त्यातल्या एका ड्रॉवरला मी जे पैसे मोजले, तेवढ्यात किंवा थोड्या जास्तीत एक सर्क्युलर सॉ आला असता. माझ्या घरातल्या बोटांसाठी पैसे होते. ड्रॉवर बनवणाऱ्याच्या बोटांसाठी "जपून रे" होतं.

आणि बोटाची किंमतही कागदावर आहे बरं का. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून एक तक्ता चालत आलाय. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, नुसती तर्जनी गेली तर १४. सुताराची तर्जनी आणि बँकेतल्या साहेबाची तर्जनी, तक्त्यात एकच. पण तेवढं तरी मिळतं का? मागायचं कोणाकडे? कामावर ठेवल्याचा कागद नाही, हजेरी नाही, ठेकेदाराचा साधा मेसेजही नाही. सुतारकाम बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीत बसतं, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आपल्या घरी महिना-दीड महिना राबलेल्या माणसाला तेवढ्या दिवसांचं लिहून द्यायचं कोणाच्या मनात तरी येतं का? माझ्या आलं नाही.

काही जण आता कमेंटमध्ये लिहितील, "आमचे मिस्त्री वीस वर्षं असंच कापतात, काही झालं नाही." हेल्मेटशिवाय वीस वर्षं गाडी चालवलेलेही खूप आहेत. ज्यांना झालं ते सांगायला तुमच्या ग्रुपवर नाहीत, एवढाच फरक. काही म्हणतील, "गार्ड लावला की लाइन दिसत नाही." नसेल दिसत, तर सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि मशीनचा तळ तिला टेकवून चालवा. लाइनकडे डोळे लावून बसायची गरजच नाही, कापही सरळ येतो.

नुसती टीका करून थांबत नाही. सोसायटीच्या कमिटीला मी लेखी दिलंय, तुम्हीही तुमच्याकडे द्या. इंटिरियरच्या परवानगीच्या फॉर्मवर एवढ्या ओळी वाढवा:

१. प्लाय कापायला स्प्रिंग गार्डचा सर्क्युलर सॉ. गार्ड दोरीने किंवा पाचर मारून उघडा ठेवायचा नाही. मार्बल कटर फक्त फरशीला. जमत असेल तर शीट दुकानातूनच पॅनल सॉवर साइज करून आणा.

२. शीट अधांतरी कापायची नाही. खाली भंगार लाकडाच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या पसरा, कापाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या. ब्लेड जाडीपेक्षा तीन-चार मिलिमीटरच खाली उतरेल एवढंच सेट करा. पायाने दाबायचं नाही, क्लॅम्प लावा. उसळलं तर सापडू नये म्हणून मशीनच्या सरळ मागे न राहता जरा बाजूला राहा.

३. ब्लेड बदलायचं, अडकलेला तुकडा काढायचा, तर आधी प्लग बाहेर. स्विच बंद केल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरतं, ते थांबेपर्यंत हात लांब. ब्लेडवर लिहिलेली आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. बोथट ब्लेड फेकून द्या.

४. उघड्या वायरी काडी खोचून सॉकेटमध्ये घालायच्या नाहीत. थ्री-पिन प्लग आणि अर्थिंग पाहिजेच. गळ्यात पंचा नाही, सैल बाही नाही. चष्मा आणि मास्क घरमालकाने आणून द्यायचे. लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कधीच नोंदवलेली आहे.

५. कामावर कोण आहे, कोणाच्या हाताखाली आहे आणि अपघात झाला तर खर्च कोणाचा, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

आणि देव न करो, पण बोट तुटलंच तर मी केलं ते करू नका. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा, १०८ लावा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये. आणि एक क्षणही वाया घालवू नका.

तो पोरगा परवा भेटला, गंगापूर रोडला. एका दुकानात माल चढवायच्या कामाला आहे. सुतारकाम सुटलं. मला बघून हसला, "काका, किचन कसंय?" म्हणाला. मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय सांगणार?

तुमच्या बिल्डिंगमध्ये आत्ता कुठेतरी कटरचा आवाज येत असेल. आवाजाची तक्रार ग्रुपवर टाकण्याआधी एकदा वर जाऊन बघून या. ब्लेड उघडं असेल तर "जपून रे" म्हणून परत फिरू नका. काम थांबवा. दोन दिवस उशीर होऊ द्या, तारीख पुढे ढकला.

पोस्ट शेअर करायला माझी परवानगी लागत नाही. कमिटीवाल्यांना टॅग करा.