समजून घ्या : गाणं ज्याच्या ठेक्यावर उभं, त्या ड्रमरच्या वाट्याला काय?

पॉल सायमनचं ‘फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर’ सुरू होताच लक्ष जातं ते ड्रमकडे. लष्करी संचलनाची आठवण करून देणारा तो ठेका स्टीव्ह गॅडचा. फेब्रुवारी १९७६ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ठेका जगभर ओळखीचा झाला. वाजवणाऱ्याचं नाव मात्र बहुतेकांना आजही सांगता येत नाही.

कोण हा गॅड?

जन्म १९४५, न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर परिसरात. ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण, मग लष्कराच्या बँडमध्ये नोकरी. सत्तरच्या दशकात तो न्यू यॉर्कच्या स्टुडिओंमधला हुकमी ड्रमर बनला. व्हॅन मॅकॉयचं डिस्को गाणं ‘द हसल’, चिक कोरियाचं जॅझ, स्टीली डॅनचं सुमारे आठ मिनिटांचं ‘एजा’ आणि पुढे एरिक क्लॅप्टनचा बँड, सगळीकडे हाच माणूस.

सेशन ड्रमर म्हणजे काय?

तो बँडचा सदस्य नसतो. ठरावीक तासांसाठी बोलावणं येतं, समोर नोटेशन ठेवलं जातं आणि सकाळी जाहिरात, दुपारी रॉक, रात्री जॅझ असं वाजवावं लागतं. हात वेगवान हवेतच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे वाजवायचं नाही, हे कळणं.

मग पैशाचं गणित कुठे चुकतं?

कॉपीराइटमध्ये गाणं म्हणजे प्रामुख्याने शब्द आणि चाल. ठेका त्यात सहसा धरला जात नाही. त्यामुळे ड्रमरला मिळतं ते सेशनचं मानधन, फार तर युनियनच्या निधीतून थोडी भर. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ गीतकार-संगीतकाराला पैसे देतो, वादकाला नाही. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओच्या वैधानिक रॉयल्टीत मुख्य कलाकाराला ४५ टक्के. सगळे साथीदार वादक-गायक मिळून ५ टक्के.

आपल्याकडे काय स्थिती?

२०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात कलाकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला. मात्र मेख व्याख्येत आहे. चित्रपटात ज्याचं सादरीकरण ‘प्रासंगिक किंवा आनुषंगिक’ आहे आणि उद्योगाच्या प्रथेनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो या हक्कापुरता ‘कलाकार’च ठरत नाही. म्हणजे आधी नाव द्यायचं नाही आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाही! हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद ज्यांनी उभा केला, त्या गोवेकर वादकांच्या पिढ्या अशाच पडद्याआड राहिल्या.

उपाय काय?

‘वादकाला ठरलेलं मानधन मिळालं, विषय संपला,’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. गाणं पडलं तर तोटा निर्माता सोसतो, ड्रमर नाही. पण गाणं पन्नास वर्षं कमाई करत राहिलं, तर एका दुपारच्या मानधनावर हिशेब बंद करणं न्याय्य नाही. सुरुवात नावापासून व्हावी. स्ट्रीमिंग ॲपवर प्रत्येक ट्रॅकसोबत वादकांची पूर्ण यादी देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही; रेकॉर्डिंगच्याच दिवशी ती नोंदवण्याची सक्ती हवी. श्रेयाची नोंद झाली की हक्काचा दावाही करता येईल. नाव नसलेल्याला रॉयल्टी द्यायची तरी कुणाच्या खात्यात?