आमलीचे खरे भांडवल

सन १७८३ मध्ये पेशवाईने नगरहवेलीची गावे पोर्तुगिजांच्या हवाली केली. कारण काय? तर मराठी आरमाराकडून त्यांच्या एका जहाजाचे नुकसान झाले होते, त्याची भरपाई! वर्षाकाठी बारा हजार रुपयांचा वसूल ज्या गावांतून निघेल ती गावे तोडून देण्यात आली, आणि त्या गावांतला वारली, कोकणा, धोडिया, दुबळा वसुलाबरोबर फिरंग्याच्या पदरी पडला. जहाजाची किंमत झाली, शेताची झाली; माणसाची मात्र झाली नाही. हा इतिहास आम्ही आज उगाळतो तो पूर्वजांना दूषणे देण्यासाठी नव्हे. हिशेबातून माणूस वगळण्याची ती जुनी खोड अजून मोडलेली नाही, म्हणून उगाळतो.

२ ऑगस्ट १९५४ रोजी आमली मुक्त झाली. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे त्या संग्रामात उतरली होती, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढे सात वर्षे वरिष्ठ पंचायतीच्या नावाने कारभार चालला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत वाद गेला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात विलीन झाला. भूमी स्वतंत्र झाली, झेंडा बदलला. परंतु त्या भूमीवरचा माणूस आपल्या भाग्याचा धनी झाला काय?

झाला, असे सांगणारे लोक आमलीतील कारखान्यांकडे बोट दाखवितात. आयकर आणि विक्रीकर यांच्या सवलतींनी येथे कृत्रिम धाग्याचे, प्लॅस्टिकचे, तारांचे कारखाने उभे राहिले, हे आम्हांसही दिसते. पण शिरगणतीचे आकडे काय बोलतात तेही ऐका. १९९१ साली दादरा-नगरहवेलीची लोकसंख्या १,३८,४७७ होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. त्याच वीस वर्षांत आदिवासींचे प्रमाण शेकडा ७९ वरून ५२ वर आले. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया उरल्या अवघ्या ७७४. कारण उघड आहे. घरदार मागे ठेवून परप्रांतातून एकटे आलेले हजारो कामगार येथे यंत्रे चालवितात. त्या कष्टाळू माणसांशी आमचे भांडण नाही. तेही पोटासाठीच आले आहेत. आमचे भांडण आहे ते या भरभराटीला मूळ रहिवाशाची भरभराट म्हणणाऱ्यांशी.

साक्षरतेचीच गोष्ट घ्या. १९९१ साली ती शेकडा ४०.७ होती, २०११ साली ७६.२ झाली, म्हणून पाठ थोपटून घेतली जाते. त्याच वर्षी आदिवासींतील साक्षरता मात्र शेकडा ६२ च्या आसपास होती. याचा अर्थ इतकाच, की वाढलेल्या आकड्याचा एक भाग येथील शाळांत घडलेला नाही. तो दुसऱ्या प्रांतांतील शाळांत घडला आणि आगगाडीत बसून येथे आला. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या रांजणात भरून आपल्याकडे पाऊस पडला म्हणणे, यातलाच हा प्रकार!

“स्थानिक माणसाला कसब नाही, मग त्याला काम कसे द्यावे?” असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. आम्ही उलट विचारतो, कसब काय झाडाला लागते? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० सालीच बजावले, की शिक्षण, आरोग्य आणि कौशल्य यांवरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे. महायुद्धात जर्मनी आणि जपान यांचे कारखाने बेचिराख झाले, तरीही ही राष्ट्रे पाहता पाहता उभी राहिली. कारण शिकलेला माणूस शिल्लक होता. आमलीत नेमके उलटे घडले. यंत्रे आली, माणूस शिकवावयाचा राहिला. कराची सवलत ही पाहुणी आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराच्या सवलतीचे जुने आमिष संपले. उद्या दुसरीकडे अधिक सवलत मिळाली तर कारखानदार यंत्रे उचलून नेईल. मुलीच्या बोटांत उतरलेले कसब आणि मुलाच्या डोक्यात रुजलेले गणित मात्र कोणाला उचलून नेता येणार नाही.

‘मानवी भांडवल’ हा शब्दही आम्ही जपूनच वापरतो. शेजारच्या तलासरी-डहाणूत सावकार-जमीनदारांनी वारल्याला वेठीस धरले, तेव्हा त्यांनीही त्याला भांडवलच मानले होते! १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठला, तो आपण कोणाची मालमत्ता नाही हे सांगण्यासाठी. शिक्षणाने माणूस दुसऱ्याचे भांडवल होता कामा नये. तो स्वतःच्या भांडवलाचा मालक झाला पाहिजे.

हे अशक्य नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. मूल गुरे सोडून शाळेत येत नाही ना? मग शाळाच कुरणात गेली! त्या कुरणशाळेमागे धनाची रास नव्हती. मुलाच्या पायरीवर उतरण्याची तयारी होती. कोसबाड आमलीपासून दूर नाही.

सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु माडीला जिना नसेल तर खालचा माणूस खालीच राहतो. तो जिना म्हणजे प्राथमिक शाळा. तेथे पहिली वर्षे वारली आणि कोकणा मुलाला त्याच्या घरच्या बोलीतून शिकवा, त्याची बोली जाणणारा शिक्षक द्या. २०११ साली येथील स्त्रियांची साक्षरता शेकडा ६४ होती; तेव्हा मुलगी शाळेतून गळणार नाही याची काळजी आधी घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यांनी किती स्थानिक मुले घेतली, याचा हिशेब दरसाल चावडीवर लावा. ज्याने सवलत घेतली, त्याने माणूस घडवून दिला पाहिजे!

१७८३ साली आमलीचा माणूस वसुलाच्या वहीत हरवला. आज तो उत्पादनाच्या तक्त्यात हरवू द्यावयाचा नाही. जमीन मुक्त करावयास एक रात्र पुरली असेल. माणूस मुक्त करावयास पिढी लागते. ती पिढी आज पाच वर्षांची आहे. तिला शाळेत बसवा!