तारवटी घरी आला आणि आमचे डोळे उघडले



आपला एक चोडणचा सभासद नऊ वर्षं परदेशी बोटीवर तारवटी होता. यंदा तो कायमचा घरी आला. रायबंदरहून फेरीबोटीत चढला आणि कठड्याला टेकून मांडवीकडे बघत राहिला, ते पलीकडचा धक्का लागला तरी उतरायचं भान नाही. मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कुठे हलला.

आम्ही त्याची थट्टा केली. "नऊ वर्षं समुद्रावर काढलीस, आता नदी कसली बघतोस?"

तो म्हणाला, "दादा, बोटीवर समुद्र दिसत नाही. आमचं स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली खाली. वरचा समुद्र पाहुण्यांचा."

मग दोन-चार दिवसांनी अवसेच्या उधाणाला तो आपल्या काकांबरोबर रात्री मानशीवर गेला. आम्हीही होतो. ओहोटी लागली, आतल्या पाण्याने मानशीचं दार ढकललं आणि जाळ्यात सुंगटं उसळायला लागली. बत्तीच्या उजेडात त्यांचे डोळे लाल चमकत होते. पहाटेकडे भरती फिरली तसं बाहेरच्या पाण्याने दार आपोआप बंद केलं. लाकूड लाकडावर बसल्याचा तो आवाज ऐकून हा गडी म्हणतो, "काका, हा आवाज मला तिकडे स्वप्नात यायचा."

आम्ही गप्प झालो. कारण तो आवाज आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि रोज ऐकतो म्हणून आता ऐकतच नाही.

आमचंच बघा. बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली झालं. जागा केवढी, तर १.७८ चौरस किलोमीटर. लांबलांबून माणसं खारफुटीत पक्षी बघायला येतात. आपल्यापैकी किती जण कधी पक्षी बघायला म्हणून तिथे गेले? आपल्याला खारफुटी म्हणजे वाटेतली अडचण. तिच्याच मुळांत शेवटे आणि सुंगटं लहानाची मोठी होतात, म्हणून आपली चूल पेटते, हे सांगावं लागतं.

पण एवढं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

उजाडल्यावर तो बांधावरून चालत घरी निघाला. वाटेत थांबला आणि म्हणाला, "इथे कोरगुट असायचं. हे तळं कधी झालं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकालाही वर्ष सांगता आलं नाही. बांधाला एक भोक पडलं, मग ते मोठं झालं, मग खारं पाणी आत राहिलं. आम्ही रोज त्याच्या बाजूने ये-जा करत होतो. परदेशातून आलेल्याला गावाची शोभाही दिसली आणि पडझडही दिसली. इथेच राहिलेल्या आम्हाला दोन्ही दिसेनाशी झाली होती. म्हणून आता आम्ही त्याला हसत नाही.

आता थोडं कडू बोलतो. बांध नुसता उधाणाने फुटत नाही. मानशीची पावणी घेतली की जास्त मासळी आत यावी म्हणून भरतीला दार उघडं ठेवणारे आपल्यातच आहेत. त्यामुळे खारं पाणी शेतात चढतं, बांधाची माती आतून पोखरते, शेतकरी कंटाळून शेत सोडतो. शेत पडीक पडलं की बांधाकडे कोण बघणार? आणि बांध गेला की मानसही गेली. मग पावणी कसली आणि सुंगटं कसली? पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या माणसांनी चिखल, दगड आणि गवत घालून ही खाजनं नदीकडून मिळवली. पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर मासळी, असा तो हिशेब होता. आपण एकाच बाजूची आकडेमोड करत बसलो.

परदेशी गेलेल्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या पैशावर घरं उभी राहिली, होड्यांना इंजिनं आली, मुलं शिकली. पण सुट्टीवर येऊन फेरीबोटीवरचे फोटो काढले आणि परत गेले, एवढ्याने गाव टिकत नाही. हे बेट सुंदर दिसतं ते कोणीतरी दर वर्षी बांधावर माती टाकली म्हणून.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. भरतीला मानशीचं दार बंदच राहिलं पाहिजे, पावणी कोणाचीही असो. मासळीसाठी मानशीत फटाके उडवणाऱ्याला आपण सगळ्यांनी तोंडावर विचारलं पाहिजे. फाटक्या नायलॉन जाळ्याचे तुकडे नदीत न टाकता घरी आणावेत. आणि जूनमध्ये यांत्रिक बोटी बंद व्हायच्या आधी, पाऊस पडायच्या आत, प्रत्येक घरातून एक माणूस एक दिवस बांधाच्या कामाला यावा. सुट्टीवर आलेल्यांनीही यावं. कुदळ धरायला लाज वाटत असेल तर निदान चहा घेऊन या.

तो तारवटी पहिलं नाव देऊन गेला आहे. त्याचे काका म्हणाले, "ह्याला चिखलाची सवय राहिली नसेल." बघू या. तुमचं नाव संस्थेच्या कचेरीत येऊन सांगा.

आपला,
सचिव