टीओडी मीटर : बिलाला लागेल तेवढेच वाचा

राज्यात घरोघरी टीओडी (टाइम ऑफ डे), म्हणजे वेळेनुसार वीजवापर मोजणारे, मीटर बसत आहेत. बिल वाढले का, मीटर पुढे प्रीपेड होणार का, यावर भरपूर वाद झाले. पण हे मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने घरातला वीजवापर नोंदवू शकतात, आणि ती नोंद कोणाच्या हाती जाते, याची चर्चा जवळजवळ नाहीच.

पहाटे गिझर कधी लागतो, दुपारी घरात कोणी असते का, गणपतीला गावी गेल्यावर घर किती दिवस बंद होते, हे त्या आकड्यांवरून सहज कळते. पूर्वी रीडिंग घ्यायला येणाऱ्याला महिन्याकाठी एकच आकडा मिळत असे.

भाडेकरूंची अडचण याहून मोठी. जोडणी बहुधा घरमालकाच्या नावावर, म्हणजे वीज कंपनीच्या ॲपवरचा तपशीलही त्याच्याच मोबाइलवर. पुण्यात खोली घेऊन राहणारी मुलगी रात्री किती वाजता परतली, हे मालकाला घरबसल्या समजणार असेल तर त्याला ग्राहकसेवा कसे म्हणायचे? वापर जिचा, माहितीही तिचीच असली पाहिजे.

सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापराला १ जुलै २०२५ पासून सवलत आहे, म्हणून वेळेनुसार नोंद हवी, हे मान्य. पण प्रत्येक कालखंडाची वेगळी बेरीज मीटर स्वतःच साठवतो. महिनाअखेरीस तेवढ्या बेरजा पाठवल्या की बिल तयार होते. वीजचोरी किंवा रोहित्रावरचा भार शोधायचा तर रोहित्रावरच्या मीटरशी ग्राहकांच्या बेरजा ताडून पाहता येतात. त्यासाठी प्रत्येक स्वयंपाकघराचे वेळापत्रक लागत नाही.

खासगीपणाची ही भीती काल्पनिक नाही. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती अडवली, त्यामागे खासगीपणाचा आक्षेप होता. अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ मध्ये अपील न्यायालयाने पंधरा मिनिटांच्या नोंदींना घराची झडतीच मानले. मीटर तिथे वैध ठरले खरे, पण माहिती गुन्ह्यांच्या तपासासाठी गोळा होत नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा सर्वसाधारण आहे. मीटरसाठी नेमके नियम हवेत.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ते करावेत. बारीक नोंदी ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय मीटरबाहेर जाऊ नयेत. मीटर बसवणाऱ्या कंत्राटदाराला त्या नोंदी बिलाखेरीज कशासाठीही वापरता येऊ नयेत, पोलिसांनाही न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळू नयेत. भाडेकरूला स्वतंत्र लॉगिन असावे आणि मालकाला फक्त बिलाची रक्कम दिसावी. आयोग दरवाढीवर हरकती मागवतो तेव्हा वाचकांनी दरांबरोबर ही मागणीही लेखी नोंदवावी.

— एक घरगुती वीजग्राहक, पुणे